दिव्याला पट्टी नको, चाकाला गेज लावा

कापसाचा भाव, विजेचे बिल आणि सोसायटीचे कर्ज हे विषय समोर असताना पिकअपच्या चाकातल्या हवेवर अग्रलेख कशाला, असे कोणी विचारील. विचारावेच. आमचे उत्तर सरळ आहे. शेतातला माल जिनिंगपर्यंत आणि मोंढ्यापर्यंत नेणारे चाक हे नांगर-वखराइतकेच शेतीचे अवजार आहे. त्याचा खर्च शेतकऱ्याच्याच पदरी पडतो. गाडी स्वतःची असेल तर थेट पडतो, भाड्याची असेल तर भाड्यातून पडतो. टायर फुटून गाडी उलटली तर होणारे नुकसान कोणत्याही हमीभावात धरलेले नसते.

या अवजाराला आता एक दिवा बसू लागला आहे. स्टिअरिंगसमोरच्या काट्यांजवळ घोड्याच्या नालेसारखे पिवळे चिन्ह उमटते आणि त्यात उद्गारचिन्ह असते. अर्थ एवढाच, की चाकात हवा कमी आहे. मालक गाडी थांबवतो, उतरतो, चाकांना लाथ मारून पाहतो. चाके टणक असतात. दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागतो. आठवडाभर हे चालले की मालक दिव्यावर काळी चिकटपट्टी लावतो आणि सुटलो म्हणतो. पुढे कधीतरी खिळा लागतो, हवा खरोखर उतरत जाते, दिवा पट्टीखाली इमानाने जळत राहतो आणि भरल्या गाडीचा टायर हमरस्त्यावर फुटतो. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकलेली आहे. तिच्यातले पोर खोटे बोलत होते हे सर्वांना आठवते. शेवटच्या दिवशी लांडगा खराच आला होता हे मात्र आपण विसरतो.

आपल्याकडे कापूस आणि कडबा वाहणाऱ्या बहुतेक पिकअपमध्ये हा दिवा कंपनीकडून आलेला नसतो. काही मालकांनी बाजारातला संच आणून बसवला आहे आणि नव्या गाड्यांबरोबर तो हळूहळू येतो आहे. या दिव्याचा खरा अनुभव आहे अमेरिकेतल्या शेतकऱ्याला. तिथे पिकअप हेच शेतकऱ्याचे घरचे वाहन. टेक्सासच्या पश्चिम पठारावर, लबक शहराच्या आसपास, वर्षाला साधारण १८ इंच पावसावर कोरडवाहू कापूस आणि ज्वारी घेतात. आपलीच पिके आणि आपलीच चिंता. त्यांची हकीकत आधी सांगतो, म्हणजे तीच ठेच आपल्याला लागणार नाही.

दिवा आला कुठून?

हा दिवा कंपन्यांनी कनवाळूपणाने दिलेला नाही. २००० सालच्या ऑगस्टमध्ये फायरस्टोन कंपनीने अमेरिकेत ६५ लाख टायर परत बोलावले. त्यातले बरेचसे फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. धावत्या गाडीच्या टायरचा वरचा पट्टा सोलून निघे आणि गाडी कोलांटी खाई. सरकारी मोजणीत या अपघातांशी जोडलेले मृत्यू २७१ निघाले. टायर कंपनीने गाडी कंपनीकडे बोट दाखवले आणि गाडी कंपनीने टायरकडे. गाडीच्या पट्टीवर हवा २६ पाउंड लिहिली होती, तर टायर कंपनी ३० हवी म्हणत होती. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त वाकते. वाकण्यातून उष्णता तयार होते आणि उष्णतेने टायरचे थर सुटतात. त्यात उन्हाळा, वेग आणि ओझे यांची भर पडली की दुर्घटना ठरलेली. टेक्सास त्या झळीच्या पट्ट्यातच येते.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अमेरिकेत कायदा झाला, की हवा कमी झाल्याचे सांगणारे यंत्र गाडीत असलेच पाहिजे. लोक मेल्यावर कायदा झाला. पण गोष्ट इथे संपत नाही. २००२ साली सरकारी खात्याने नियम काढला आणि त्यात एक पळवाट ठेवली. एखाद्याच चाकाची हवा गेली तर ओळखणारे स्वस्त यंत्रही चालेल, असे त्यात होते. चारही चाके सारखीच उतरली तर ते यंत्र गप्प बसले तरी नियम पाळला गेला! 'पब्लिक सिटिझन' आणि इतर नागरिक संघटना कोर्टात गेल्या. २००३ च्या ऑगस्टमध्ये कोर्टाने तो नियम रद्द केला. २००५ साली नवा नियम आला आणि १ सप्टेंबर २००७ पासून बनलेल्या प्रत्येक हलक्या वाहनाला तो लागू झाला. हलके म्हणजे भारासह १०,००० पौंडांपर्यंतचे, आपल्या हिशेबात ४,५३६ किलो. शेतावरच्या बऱ्याच पिकअप या मापात बसतात.

या नियमातल्या दोन गोष्टी प्रत्येकाने पाठ करून ठेवाव्यात. पहिली अशी, की दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्के कमी झाली तर २० मिनिटांच्या आत दिवा लागला पाहिजे. दुसरी अशी, की यंत्रच बिघडले असेल तर दिव्याने वेगळी खूण द्यावी. बहुतेक गाड्यांत ती अशी असते: गाडी चालू करताच दिवा मिनिट-दीड मिनिट लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. सरळ लागलेला दिवा म्हणतो, 'चाक पाहा'. आधी लुकलुकणारा दिवा म्हणतो, 'मलाच पाहा'. खोट्या इशाऱ्याची निम्मी गाठ इथेच सुटते. तरी हा भेद विक्रेता सांगत नाही आणि मालक गाडीबरोबर आलेले पुस्तक उघडत नाही.

चाकाच्या पोटातला निरोप्या

यंत्र दोन जातींचे असते. पहिल्या जातीत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी, आगपेटीएवढा सेन्सर बसवलेला असतो. तो आतला दाब मोजतो आणि बिनतारी संदेशाने गाडीच्या संगणकाला कळवतो. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो. कोणता क्रमांक कोणत्या चाकात आहे याची नोंद संगणकाकडे असते. सेन्सरमध्ये छोटी बॅटरी असते आणि ती साधारण ५ ते १० वर्षे टिकते. ती आतच मढवलेली असल्यामुळे एकटी बदलता येत नाही. बॅटरी संपली की सेन्सर संपला.

दुसऱ्या जातीत चाकात काहीच नसते. ब्रेकच्या यंत्रणेत प्रत्येक चाकाचे फेरे मोजायची सोय असते. हवा कमी झाली की चाक किंचित लहान होते आणि तेवढ्याच अंतरात थोडे जास्त फिरते. त्यावरून संगणक अंदाज बांधतो. या जातीत हवा भरल्यावर 'आता ही हवा बरोबर धर' असे बटण दाबून सांगावे लागते. ते राहून गेले की यंत्र जुन्याच मापाने मोजत बसते आणि उगाच बोंब मारते.

खोटे कशाला म्हणायचे?

आम्ही शेतीशास्त्र शिकलो, मोटारशास्त्र नव्हे. पण कपाशीचे पान लाल झाले की काय करावे हे त्या शिक्षणाने शिकवले आहे. पान लाल दिसते म्हणून लगेच फवारणी करायची नसते. मॅग्नेशियम कमी असेल, नत्र कमी पडले असेल, रात्री थंडावल्या असतील किंवा तुडतुडे असतील. खूण एक आणि कारणे अनेक. दुकानदार मात्र प्रत्येक लाल पानावर एकच बाटली विकतो. दिव्याचेही तसेच आहे. दिवा लागला की 'सेन्सर गेला, चारही बदला' हे वर्कशॉपचे एकच औषध. कारणे एकेक करून पाहू.

पहिले कारण थंडी. हवा थंड झाली की आक्रसते. मोटारवाल्यांचा ठोकताळा असा, की तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअस उतरले की एक पाउंड दाब जातो. लबककडे शरदात उत्तरेकडून गार वाऱ्याची लाट येते आणि दुपारी अंगातला सदरा भिजवणारी हवा पहाटेपर्यंत गोठवते. समजा, दाब ३५ पाउंड असायला हवा, पण मालकाने तो ३० वर सोडून दिला आहे. तापमान २२ अंशांनी उतरले तर चार पाउंड जातात आणि राहतात २६. पस्तिसाचे २५ टक्के कमी म्हणजे सव्वासव्वीस. दिवा लागणारच. दुपारी ऊन चढते, रस्त्याने टायर तापतो, दाब वाढतो आणि दिवा विझतो. मालक म्हणतो, दिवा खोटा. दिवा खोटा नव्हता. हवा पाच पाउंड कमी होती ती महिनाभर, पहाटेच्या गारव्याने फक्त उघडी पाडली.

दुसरे कारण भार, आणि पिकअपवाल्याचे खरे दुखणे हेच आहे. मोठ्या पिकअपच्या पट्टीवर मागच्या चाकांना ८० पाउंडांपर्यंत हवा लिहिलेली असते. हा आकडा पूर्ण भरलेल्या गाडीचा. शेतकरी मात्र वर्षातले बरेच दिवस रिकाम्या गाडीने फिरतो. रिकाम्या गाडीला ८० पाउंड म्हणजे दगडाची चाके. कच्च्या रस्त्यावर गाडी उड्या मारते आणि मधेच टायर झिजतो. म्हणून तो मागची हवा ५५ वर आणतो. रिकाम्या पेटीला ती पुरतेही. पण ८० च्या २५ टक्के कमी म्हणजे ६०. पंचावन्नला दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. कित्येकांच्या तक्रारी आल्यावर काही कंपन्यांनी 'हलका भार' अशी दुसरी पातळी निवडायची सोय दिली. बाकीच्या गाड्यांचे मालक कायमच्या पिवळ्या उजेडात गाडी चालवतात.

तिसरे कारण चाकांची अदलाबदल. टायर सारखे झिजावेत म्हणून पुढची चाके मागे आणि मागची पुढे करतात. पंक्चरवाला चाक हलवतो, पण संगणकाच्या वहीतली नोंद हलत नाही. पुढे ६० आणि मागे ८० अशी हवा असलेली गाडी धरा. मागून पुढे आलेल्या चाकात आता ६० पाउंड आहे आणि ती बरोबर आहे. संगणकाच्या मते मात्र ते चाक अजून मागेच आहे आणि त्यात ८० हवी. झाला इशारा! सातबाऱ्यावर फेरफार न केल्यावर जो घोळ होतो, तोच हा.

चौथे कारण सेन्सरच मेला किंवा तुटला. टायर काढताना लोखंडी पट्टी चुकीच्या जागी घातली की सेन्सर फुटतो. धातूचा व्हॉल्व्ह गंजतो. बॅटरी तर आज ना उद्या संपणारच. अशा वेळी दिवा आधी लुकलुकतो.

पाचवे कारण स्टेपनी. काही गाड्यांत पाचव्या चाकातही सेन्सर असतो. चारही चाके ठणठणीत असतात आणि पेटीखाली वर्षानुवर्षे लटकलेली स्टेपनी बसलेली असते. दिवा तिच्यासाठी लागतो आणि मालक चारच चाके तपासून दिव्याला शिव्या देतो.

सहावे कारण बिनतारी गोंगाट. गाडीत लावलेला हलका चार्जर, इन्व्हर्टर किंवा दुसरे बिनतारी उपकरण सेन्सरचा आवाज दाबून टाकू शकते. ही शक्यता सगळ्यात शेवटी पाहावी. ते उपकरण काढून दोन दिवस गाडी चालवली की उत्तर मिळते.

आता ही सहा कारणे पुन्हा नजरेखालून घाला. पहिल्या आणि पाचव्यात दिवा खरेच बोलत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्यात त्याचे कान बरोबर होते, पण ज्या मापाशी तो तुलना करत होता ते माप त्या दिवसाच्या गाडीचे नव्हते. निव्वळ बिघाड फक्त चौथ्या आणि सहाव्यात. म्हणजे आपण ज्याला खोटा इशारा म्हणतो, तो बहुतेक वेळा दुसऱ्याने ठरवलेल्या मापाने दिलेला खरा जबाब असतो. कापूस खरेदी केंद्रावरच्या ओलाव्याच्या यंत्राशी झगडलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. काटा फिरतो तो खराच, पण तो कोणाच्या मापाने लावलेला आहे हे विचारणे आपल्या हातात असते.

करायचे काय?

पहिले काम गेजने हवा मोजणे. लाथेने, काठीने किंवा नजरेने नव्हे. आजचे रेडियल टायर पंधरा-वीस पाउंड कमी असले तरी डोळ्याला भरलेलेच दिसतात. चांगले गेज काही शे रुपयांत मिळते आणि ते गाडीत कायम असावे. मोजणी थंड टायरवर करावी, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली असावी. पहाट सर्वांत चांगली. चाललेल्या गाडीचा टायर तापून चार-पाच पाउंड जास्त दाखवतो. तापलेल्या टायरमधली 'जास्तीची' हवा कधीही काढू नये. टायर थंड झाल्यावर ती कमी पडते. पाचही चाके मोजावीत आणि आकडे दारावरच्या पट्टीशी ताडून पाहावेत. टायर मूळ मापाचे नसतील, दहा प्लायचे जड टायर घातले असतील, तर त्या टायरच्या कंपनीचा भार आणि दाबाचा तक्ता मागून घ्यावा. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा हा कमाल दाब असतो. रोज भरायची हवा ती नव्हे.

दुसरे काम, हवा बरोबर करून गाडी पाच-दहा किलोमीटर चालवणे. उभ्या गाडीतला सेन्सर झोपलेला असतो. हवा भरताक्षणी दिवा विझला नाही म्हणून घाबरू नये. चालल्यावर सेन्सर जागा होतो आणि नवा दाब कळवतो.

तिसरे काम, तरीही दिवा राहिला तर पुढच्या वेळी गाडी चालू करताना नीट पाहणे. लुकलुकतो की सरळ लागतो? सरळ लागत असेल आणि अलीकडे चाकांची अदलाबदल झाली असेल, तर संगणकाला चाके नव्याने ओळखवून द्यावी लागतात. काही गाड्या काही अंतर चालल्या की आपोआप शिकतात. काहींत किल्ली आणि ब्रेक ठराविक क्रमाने दाबून 'शिकण्याची' अवस्था चालू करतात. मग प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हजवळ एक छोटे साधन धरून सेन्सरला बोलते करतात. बऱ्याच अमेरिकन पिकअपमध्ये क्रम असा असतो: डावे पुढचे, उजवे पुढचे, उजवे मागचे, डावे मागचे. प्रत्येक चाक ओळखले की हॉर्न वाजतो. काम दहा मिनिटांचे आहे. आपल्या गाडीची नेमकी रीत तिच्या पुस्तकात असते.

चौथे काम, दिवा लुकलुकत असेल तर कोणता सेन्सर मुका झाला ते तपासयंत्राने पाहणे आणि तेवढाच बदलणे. गाडी सात-आठ वर्षांची असेल आणि टायर बदलायची वेळ आलीच असेल, तर चारही सेन्सर त्याच वेळी बदलणे स्वस्त पडते, कारण टायर काढायची मजुरी पुन्हा लागत नाही. एरवी एका मुक्या सेन्सरसाठी चारांचे बिल भरू नये.

पाचवे काम, हवा हळूहळू उतरते का पाहणे. आठ दिवसांत एकाच चाकात तीन-चार पाउंड कमी होत असतील तर तिथे खिळा आहे, व्हॉल्व्ह गळतो आहे किंवा रिमची कड गंजली आहे. साबणाचे पाणी लावले की बुडबुडा सांगतो. तो दिवा खोटा नव्हता.

नळीतले चार सेन्सर

माणूस त्रासला की डोके भलतीकडे चालवतो. अमेरिकेत काही हुशार मंडळींनी एक युक्ती काढली. चारही सेन्सर चाकांतून काढायचे, प्लास्टिकच्या जाड नळीत घालायचे, दोन्ही तोंडे बंद करून नळीत हवा भरायची आणि ती सीटखाली टाकायची. संगणकाला चारही चाके कायम भरलेली दिसतात. दिवा जन्मात लागत नाही. खाली चाक जमिनीला टेकले तरी लागत नाही.

आम्हाला यात कागदावर पिकणाऱ्या पिकांची आठवण येते. पैसेवारीच्या नोंदीत हंगाम झकास असतो आणि शिवारात पऱ्हाटी करपलेली असते. अशा नोंदींविरुद्ध आपण मोर्चे काढतो. मग तोच कागदी कारभार आपल्याच गाडीत कशाला करायचा? तिथल्या कायद्याने गॅरेजवाल्याला हे यंत्र निकामी करायला मनाई केली आहे. मालकाला ती मनाई नाही. म्हणजे आपल्या जिवाची राखण शेवटी मालकाच्याच अकलेवर सोडलेली आहे.

किल्ली कोणाकडे?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की रीत एवढी सोपी आहे तर लोक पट्टी का चिकटवतात? कारण पुष्कळ गाड्यांत शेवटची किल्ली मालकाच्या हातात नसते. नवा सेन्सर बसवला तरी त्याचा क्रमांक संगणकात चढवायला कंपनीचे यंत्र लागते. ते असते अधिकृत वर्कशॉपमध्ये, आणि वर्कशॉप असते साठ-सत्तर किलोमीटरवर. दहा मिनिटांच्या कामासाठी दिवस मोडतो. वेचणी चालू असताना दिवस मोडणे कोणाला परवडते? माणूस आळशी म्हणून दिवा झाकत नाही. दुरुस्ती त्याच्या आवाक्याबाहेर ठेवली आहे म्हणून झाकतो.

अमेरिकेत यावर लढा झाला. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनीच कौल दिला, की गाडी दुरुस्त करायला लागणारी माहिती आणि साधने कंपनीने मालकाला व स्वतंत्र गॅरेजला रास्त दराने दिली पाहिजेत. २०१४ साली वाहन कंपन्यांनी तेच देशभर मान्य करणारा करार केला. त्यामुळे आज तिथल्या साध्या टायरवाल्याकडेही सेन्सर वाचण्याचे यंत्र असते. ट्रॅक्टरचा लढा अजून कठीण निघाला. २०२३ च्या जानेवारीत तिथल्या मोठ्या शेतकरी संघटनेने जॉन डिअर कंपनीशी समजुतीचा करार केला. कोलोरॅडो राज्याने त्याच वर्षी शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने याच प्रश्नावर डिअर कंपनीवर खटला भरला.

आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानेही २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिच्या यादीत मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारगाड्या यांबरोबर शेतीची यंत्रेही आहेत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात माहितीचे दालन उघडले. चांगले झाले. पण समिती म्हणजे कायदा नव्हे आणि दालन म्हणजे साधन नव्हे. बाजाराचे स्वातंत्र्य मागणाऱ्या शेतकऱ्याने हेही मागितले पाहिजे, की पैसे मोजून घेतलेली वस्तू उघडण्याचे, समजून घेण्याचे आणि पाहिजे त्या मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेण्याचे स्वातंत्र्य आम्हाला आहे. ही भीक नव्हे, आणि यात सूट-सबसिडीही नाही.

आपल्या गावात

बाजारातला संच बसवलेल्या मालकांसाठी दोन शब्द. या संचातले सेन्सर बहुधा व्हॉल्व्हच्या टोपीसारखे बाहेरून फिरवून बसवायचे असतात आणि इशाऱ्याची पातळी मालकालाच ठरवायची असते. इथे माप आपल्या हातात आहे. पण पुष्कळ जण दुकानदाराने लावलेला आकडा तसाच ठेवतात आणि मग यंत्राला दोष देतात. आपल्या भरल्या गाडीला पुढे किती आणि मागे किती हवा लागते ते पाहून, थंड टायरवर, त्यापेक्षा २० ते २५ टक्के खाली पातळी लावावी. टोपी नीट बसली नाही तर तीच हवा गळवते. बसवल्यावर साबणाचे पाणी लावून पाहावे. तिची बॅटरी बदलता येते, ती हंगामाआधी बदलावी.

ज्यांच्या गाडीत दिवाच नाही त्यांनी सुटलो म्हणू नये. त्यांचे टायरही हवा कमी असली की तितकेच तापतात, फक्त सांगणारे कोणी नसते. कापसाच्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात पहाट आणि दुपार यांत पंधरा-अठरा अंशांचा फरक पडतो, म्हणजे तीन पाउंडांचा हिशेब आला. त्यात कापूस दिसतो हलका आणि भरला जातो टपाच्या वर. पुढे उन्हाळ्यात कडब्याच्या पेंढ्या तशाच रचल्या जातात. दर पंधरा दिवसांनी आणि प्रत्येक मोठ्या खेपेआधी पहाटे हवा मोजायची, एवढी शिस्त लावून घ्या.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, येत्या जिल्हा बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. एक, प्रत्येक शाखेने एक चांगले गेज आणि पायाने मारायचा पंप घ्यावा आणि तो सर्वांना वापरायला ठेवावा. दोन, तालुक्याच्या ठिकाणी वर्गणी काढून सेन्सर वाचण्याचे एक यंत्र घ्यावे, गावातला एखादा तरुण ते शिकेल आणि त्यालाही कामाचे रास्त पैसे मिळतील. तीन, नवी गाडी घेताना विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत: हा दिवा कोणत्या दाबाला लागतो, ती पातळी मला बदलता येते का, आणि सेन्सर बदलल्यावर त्याची नोंद माझा मिस्त्री करू शकतो का? तिसऱ्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर आले तर गाडीच्या किमतीत प्रत्येक खेपेचा तो मोडलेला दिवसही धरा आणि मगच सौदा करा. आणि बैठकीला पिकअपने येणार असाल तर निघण्याआधी, टायर थंड असताना, पाचही चाके मोजून या.